दोन डाव्या बाह्या

कात्री शेवटच्या कोपऱ्यातून बाहेर निघाली आणि दीपमालाने दोन्ही बाह्या उचलून पलंगावर शेजारीशेजारी ठेवल्या, तर त्या एकाच दिशेला तोंड करून पडल्या होत्या. तिने एक उचलली, थोडी फिरवली, परत ठेवली. मग दुसरी फिरवून बघितली. असं फिरवल्याने काही होत नसतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार, पण हात फिरवत राहिले. बाहीच्या वरच्या गोलाईची पुढची बाजू जरा खोल असते, मागची उथळ; माणसाचा हात पुढे जातो, मागे फारसा जात नाही, एवढंच त्याचं कारण. कापड दुहेरी घालताना सुलट्या बाजूला सुलटी बाजू लावली की एका कात्रीत एक डावी निघते नि एक उजवी. गारखेड्यातल्या त्या गल्लीत शिवणाऱ्या कुठल्याही बाईने हे झोपेत सांगितलं असतं. दीपमालाने मात्र सकाळी साडेअकराच्या लख्ख उजेडात, पूर्ण जागेपणी, दोन डाव्या बाह्या कापून ठेवल्या होत्या. कापड साधं असतं तर एक उलटून लावली असती, कुणाला कळलं नसतं. पण हा शैलाकाकूंनी कापायला दिलेला, त्यांच्या जांभळ्या साडीतलाच ब्लाऊजपीस होता, काठावर रुईफुलं विणलेली, आणि त्या काठाच्या मागच्या बाजूला नुसते लोंबते धागे. उलटी बाजू वर आली की आंधळ्यालाही दिसावी अशी. काठ दोन बाह्यांपुरताच होता आणि तो संपला होता. एकोणीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं, असं ती मोठ्याने म्हणाली. घरात ऐकायला कुणी नव्हतं. नवरा सुदर्शन बिडकीनच्या कंपनीची बस घेऊन पहाटेच गेला होता, मुलगी कॉलेजात. तिला एकदम तहान लागली, पण उठून माठापर्यंत जावंसं वाटेना.

कारण शोधायला लांब जायला नको होतं. कापड अंथरून खडूने आखून झालं होतं, कात्री हातात होती आणि फोन वाजला होता. क्रांती चौकात जिचं बुटीक आहे ती सोनिया, आठ दिवसांपासून तिथे कापायला या म्हणणारी. दीपमालाने फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरला, बोलता बोलता कापड जरा सरकवलं, उचललं, झटकलं, पुन्हा दुहेरी घातलं. त्या झटकण्यातच काठाच्या दोन तुकड्यांतला एक उलटला असणार. सोनियाचं बोलणं गोड आणि घाईचं. ताई, आता फार विचार नका करू, अकरा ते चार फक्त, अर्धाच दिवस आहे, घरचं काम तुमचं तुम्ही चालू ठेवा, मला काय प्रॉब्लेम. "सोच लो, पण सहापर्यंत सांगा हं. नाही तर मग मला दुसरा मास्टर बघावा लागेल." दीपमाला म्हणाली, सांगते. आणि कात्री चालवली. म्हणजे तिने 'सांगते' म्हटलं त्याच क्षणी उजवी बाही जगातून नाहीशी झाली, असा हिशोब तिने मांडून बघितला. मग असल्या मांडणीचा तिला रागही आला. फोनने काय केलं बिचाऱ्याने. फोन रोजच वाजतो. भाजी चढलेली असते, दारात कुणीतरी चप्पल काढत असतं, सुदर्शन विचारत असतो माझा मोजा कुठंय, आणि तरी कात्री चुकत नाही. मग आजच का? जावं की जाऊ नये हे आठ दिवस डोक्यात दळण दळल्यासारखं चाललं होतं, ते हातात उतरलं का? की हात आधीच कुठेतरी निघून गेला होता, आणि ती मागे राहून विचार करत बसली होती?

अर्धा दिवस या शब्दाशीच तिची पहिल्यापासून झटापट होती. कुणाचा अर्धा? सकाळी अकरापर्यंत घर तिला कापडाला हात लावू देत नाही. चारनंतर मुलगी येते, सुदर्शन येतो, पाणी येतं, दळण असतं. तिचं खरं काम चालतं ते अकरा ते चार. त्याच वेळेला गल्लीतल्या, पलीकडच्या कॉलनीतल्या बायका घरचं आवरून पिशवी घेऊन येतात. दीपमाला शिवत नाही, फक्त कापते. शिवण्यासाठी घरोघर मशीन आहेत, पण नवं, महागाचं कापड समोर आलं की चांगल्या शिवणाऱ्या बाईचाही हात धजत नाही, तेव्हा ती दीपमालाकडे येते. सोबत मापाचा एक जुना ब्लाऊज आणते, तो कापडावर ठेवून दीपमाला बोटाने अंदाज घेते, इथं अर्धा इंच, तिथं पाव, आणि कात्री घालते. टेप क्वचितच लागते. कापलेले तुकडे एकात एक गुंडाळून त्याच कापडाच्या कात्रणाने बांधते आणि ते गाठोडं बाईच्या हातात ठेवते. अकरा ते चार बुटीकला गेली तर हे दार बंद. म्हणजे ज्याला सोनिया अर्धा म्हणत होती तो अख्खा होता, आणि जो उरत होता त्यात पोळ्या होत्या. हे सगळं तिने सुदर्शनला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग नको जाऊ. लगेच तिला वाईट वाटलं. दोन दिवसांनी ती म्हणाली, नाहीच जात. तेव्हा तो म्हणाला, "जाऊन तर बघ की, लई विचार करती तू." त्याचंही तिला वाईट वाटलं. त्याने नक्की काय म्हणायला हवं होतं हे त्याने विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. तो बिचारा जेवून झोपला.

आणि तो शब्द. मास्टर. मागच्या आठवड्यात ती बुटीक बघायला गेली होती तेव्हा सोनियाने काउंटरवरच्या पोरीला सांगितलं, या कटिंग मास्टर. शहरातल्या दुकानांत मास्टर म्हटलं की पुरुष, गळ्यात टेप, ओठात टाचण्या. दीपमालाला कुणी कधी मास्टर म्हटलं नव्हतं. गल्लीत ती दीपा, दीपाताई, फार तर कापणारी ताई. मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय असा रकाना होता, तिथे सुदर्शनने सुवाच्य अक्षरात गृहिणी लिहिलं होतं. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, म्हणून तर तिला काही बोलता आलं नाही. तिने तो फॉर्म दोनदा वाचला आणि मुलीच्या फाइलमध्ये नीट ठेवून दिला. पण बुटीकमध्ये मास्टर ऐकल्यावर तिला असं गुदगुल्यांसारखं झालं की स्वतःचीच लाज वाटली, चाळिशीच्या बाईने असं हुरळून जावं? मग तिने तिथलं टेबल पाहिलं. कमरेइतकं उंच, गुळगुळीत. तिथे उभं राहून कापायचं. दीपमाला जमिनीवर बसून कापते, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कापडाचा कोपरा दाबून धरते, त्या अंगठ्यावाचून तिचा हात सरळ जात नाही. या टेबलावर अंगठा कुठे ठेवायचा, हा प्रश्न तिला पडला आणि तो कुणाला विचारण्यासारखा नव्हता. येताना रिक्षात बसून ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. घरी आल्यावर ओट्यावर वर्तमानपत्र पसरून, दार लावून घेऊन, तिने उभ्याने एक गळा कापून बघितला. बरा आला होता. पण वर्तमानपत्र कापडासारखं कुठं सरकतं.

वर्तमानपत्रावरून द्वारकाबाई आठवली. बिडकीनला माहेराच्या मागच्या आळीत ती राहायची आणि आठवडी बाजाराच्या दिवशी तिच्या ओसरीवर बायकांची रांग लागायची. दीपमाला पंधराची होती. द्वारकाबाईने तिला वर्षभर कापडाला हात लावू दिला नाही, रोज वर्तमानपत्र. सुलट्याला सुलट, मग कात्री, असं म्हणायची. आणि चुकलं की लाकडी पट्टी बोटांच्या पेरांवर. पट्टी जोरात नसायची, पण 'चुकली' हा शब्द जोरात असायचा, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. दीपमालाला तिचा फार राग यायचा. अजून एक होतं, ते आज बाह्यांकडे बघताना कितीतरी वर्षांनी वर आलं. द्वारकाबाई कापून झालं की बाईला उठू द्यायची नाही. उघडून बघ, मग जा, म्हणायची. बाया ओसरीवरच तुकडे पसरून, बाहीवर बाही ठेवून बघत. आपल्याकडे असं कधी बंद झालं? बंद कसलं, सुरूच झालं नव्हतं. लग्नानंतर गारखेड्यात पहिल्या महिन्यातच गल्लीतल्या साळूबाईने गाठ सोडून तुकडे बघायला घेतले होते, आणि दीपमाला ताडकन म्हणाली होती, विश्वास नसंल तर दुसरीकडं टाका. साळूबाई ओशाळली. त्यानंतर तिच्या दारात कुणी गाठ सोडली नाही. तेव्हा तिला त्याचा किती अभिमान वाटला होता.

दुपारी दोघीजणी येऊन गेल्या. तिने त्यांना डोकं दुखतंय म्हणून उद्या बोलावलं, आणि खरंच डोकं दुखायला लागलं. बाह्या पलंगावरून उचलून तिने उशीखाली ठेवल्या, मग काढल्या. साडेतीनला तिने पाठीचे तुकडे, पुढचे तुकडे, अस्तर, सगळं नेहमीसारखं गुंडाळलं, आत त्या दोन बाह्या ठेवल्या आणि जांभळ्या कात्रणाने गाठ मारली. का मारली हे तिने स्वतःला विचारलं नाही. सांगायचंच असतं तर गाठ कशाला हवी होती? शैलाकाकू चारला येतील, गाठोडं घेतील, घरी जाऊन रात्री किंवा उद्या मशीनवर बसतील. एक बाही लागेल. दुसरी लागणार नाही, ओढेल, फुगेल. काकूंना सत्तरी उलटून गेलेली. शाळेतून निवृत्त झाल्यावर हौसेने मशीन घेतलेलं. मागच्याच आठवड्यात त्या हसत सांगत होत्या की दूध गॅसवर ठेवून फिरायला गेले, आता डोकं चालत नाही गं. बाही लागली नाही तर त्यांना वाटेल आपणच कुठेतरी उलटंसुलटं केलं. त्या उसवतील, पुन्हा लावतील, पुन्हा उसवतील. दीपमालावर संशयही घेणार नाहीत. आणि ती उद्यापासून क्रांती चौकात मास्टर. हे चित्र तिला एकदम स्पष्ट दिसलं, आणि त्यात तिची सुटका आहे हेही दिसलं, आणि तिने गाठोड्याकडे पाठ केली.

काकू बरोबर चारला आल्या. रविवारी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता, सत्कार होता, त्यासाठी ही साडी. त्यांनी गाठोडं हातात घेतलं, पिशवीत टाकलं, पाच मिनिटं मेळाव्याचं सांगितलं, कोण कोण येणार, कोण पुण्याहून येणार, आणि उठल्या. फाटकापर्यंत गेल्या. दीपमाला उंबऱ्यात उभी होती. तिचं तोंड उघडलं तेव्हा काय बाहेर येणार हे तिला माहीत नव्हतं.

"काकू, नका नेऊ ते. बाह्या चुकल्यात. दोन्ही डाव्याच कापल्यात मी."

काकू थांबल्या. पिशवीकडे बघितलं. दीपमालाला वाटलं आता त्या रागावतील, निदान हळहळतील, साडी त्यांच्या मुलाने बंगळूरहून आणलेली होती. पण काकू परत आल्या, पलंगाच्या कडेवर बसल्या आणि चष्मा काढून पदराला पुसत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, एक अवघडलेपण होतं, जणू चोरी त्यांचीच पकडली गेली होती.

"पुन्हा झालं का," त्या म्हणाल्या.

दीपमालाला आधी ऐकू आलं आणि बऱ्याच वेळाने कळलं. मग काकूंनी हळूहळू सांगितलं. मागच्या दिवाळीत त्यांचा सुती ब्लाऊज असाच निघाला होता, दोन्ही बाह्या एकाच हाताच्या. साधं कापड होतं, त्यांनी एक उलटून लावली. संक्रांतीच्या वेळी साळूबाईच्या सुनेच्या ब्लाऊजचा गळा एका बाजूला उतरला होता. आणखी एकदोघींचं काहीबाही. बायका आपसांत बोलल्या होत्या. सगळ्यांचं एकच मत पडलं, दीपाला सांगायचं नाही.

"का नाही सांगितलं मला?"

"तू मनाला लावून घेतलं असतंस गं. कापणंच सोडलं असतंस. आणि मग आम्ही कुठं जायचं होतं?" काकू चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाल्या. मग जरा थांबून, "आणि तुला सांगायची भीतीही वाटते थोडी." मग लगेच उठून, विषय संपल्यासारखं, त्या म्हणाल्या की साडीची खोचायची बाजू आहे ना, तिला हाच काठ आहे, त्यातून एक बाही काढ. मी आता इतकी वाळलेय की साडी तशीही मोठीच होते. थांब, घेऊन येते. आणि त्या चपला पायात सरकवून निघाल्या. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं घर होतं.

दीपमाला जमिनीवर बसली. दिवाळीत फोन नव्हता. सोनिया नव्हती, बुटीक नव्हतं, अकरा ते चार नव्हतं. दिवाळीत तिचं डोकं जागेवर होतं आणि तरी हात चुकला होता. म्हणजे आज सकाळपासून जे कारण तिने हातात घट्ट धरलं होतं ते गेलं, आणि त्याच्या जागी दुसरं काही सापडेना. डोळे? तिने हाताचा तळवा लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. रेषा दोन्हीकडे सारख्याच दिसत होत्या, की सारख्याच पुसट? एकोणीस वर्षं एकदाही चुकले नाही असं ती सकाळी म्हणाली होती. कितीदा चुकली असेल? कितीजणींनी रात्री दिवा लावून उसवलं असेल, काठाला जोड दिला असेल, आणि सकाळी रस्त्यात भेटल्यावर म्हटलं असेल, छान बसला गं ब्लाऊज? तिला एकेकीचा चेहरा आठवायला लागला आणि प्रत्येक चेहरा तिला आता दयाळू दिसायला लागला. त्या दयेची तिला अंगभर शरम वाटली. मग राग आला. मग त्यांच्यावर कसला राग, असं वाटून रडू आलं. लाज राखली त्यांनी तिची. फसवलं त्यांनी तिला. दोन्ही खरं होतं आणि ते एकमेकांवर नीट बसत नव्हतं. बुटीकचं आता काय, असाही विचार येऊन गेला. हात गेला असेल तर तिथे जाणं म्हणजे भर चौकात पडणं. आणि इथेच राहणं म्हणजे? इथे तर पडल्याचा आवाजसुद्धा कुणी होऊ देत नाही. तिला द्वारकाबाईची पट्टी आठवली. पेरं आपोआप आत वळली.

काकू साडी घेऊन आल्या तेव्हा साडेपाच होत आले होते. दीपमालाने खोचायची बाजू जमिनीवर पसरली, कोपरा अंगठ्याखाली धरला. मग कापलेली एक बाही घेऊन ती साडीच्या सुलट्या बाजूवर सुलटीच ठेवली, तोंडाला तोंड, आणि खडूने कडेकडेने आखली. आखून झाल्यावर तिने काठ दोनदा उलटून बघितला. तिसऱ्यांदा बघितला. कात्री उचलली आणि हात थांबला. अख्ख्या साडीला कात्री लावायची होती, यावेळी चुकलं तर उरायला काही नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. पावणेसहा झाले असतील. सोनियाचं नाव पडद्यावर चमकत होतं. काकू म्हणाल्या, घे ना, महत्त्वाचा असेल. दीपमाला म्हणाली, वाजू द्या. तो वाजत राहिला आणि ती कापत राहिली, गोलाईवर आली तेव्हा तो बंद पडला, आणि मग खोलीत फक्त कात्री होती. बाही सुटी झाली. तिने ती उचलली, पण दुसरीशेजारी ठेवून बघितली नाही. एका डाव्या बाहीबरोबर तशीच गाठोड्यात घातली, ते पुन्हा जांभळ्या कात्रणाने बांधलं. उरलेली एक डावी बाही फळीवर मापाच्या ब्लाऊजांच्या ढिगावर ठेवली. गाठोडं काकूंच्या हातात दिलं. आणि काकू समोर उभ्या असतानाच तिने सोनियाला फोन लावला.

"येते मी उद्यापासून," ती म्हणाली. सोनिया काहीतरी आनंदाने बोलायला लागली, ते मध्येच तोडून ती म्हणाली, "पण एक सांगते. माझं चुकलं तर तोंडावर सांगायचं. समद्यांसमोर सांगितलं तरी चालंल. गुपचूप कुणाकडून नीट करून घ्यायचं नाय."

सोनिया हसली, म्हणाली, अरे मास्टर, उसका टेन्शन मत लो, मी तर ओरडतेच. फोन बंद झाला. मास्टर हा शब्द या वेळी दीपमालाच्या कानावरून नुसता गेला. आपण आता केलं ते बरोबर की चूक, हे तिला कळत नव्हतं, आणि सकाळपेक्षा जास्त कळत नव्हतं. तिने काकूंकडे बघितलं नाही. काकूंनी गाठोडं पिशवीत ठेवलं. म्हणजे आता चारपर्यंत दार बंद, असं त्या म्हणाल्या, विचारल्यासारखं नव्हे. दीपमाला म्हणाली, व्हय.

काकू दारापर्यंत गेल्या. चपला घालायला वाकल्या, आणि घातल्या नाहीत. परत फिरल्या, पलंगावर बसल्या, पिशवीतून गाठोडं काढलं आणि मांडीवर ठेवून जांभळ्या कात्रणाची गाठ सोडायला लागल्या. गाठ घट्ट होती, म्हाताऱ्या बोटांना वेळ लागला. दीपमाला पुढे झाली नाही. साळूबाईनंतर एकोणीस वर्षांत त्या घरात कुणा बाईने गाठ सोडली नव्हती. काकूंनी तुकडे एकेक करून बाजूला ठेवले, दोन्ही बाह्या काढल्या, बाहीवर बाही ठेवली, कडा जुळवल्या, आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून, चष्मा वर सारून, अनोळखी बाईने बघावं तशा बघायला लागल्या. दीपमालाने फोन फळीवर ठेवला. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि त्या काय म्हणतात याची वाट बघू लागली.